दोन सवाऱ्या, एक रुमाल

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. नावेत रुमाल टाकणारे फक्त आमचे शेजारी मुकुंदभाऊ. रोज संध्याकाळी नर्मदेच्या ग्वारीघाटावर ते नावेत चढत, शेजारच्या फळीवर रुमाल पसरत आणि नावाड्याला सांगत, "दो सवारी."

"दूसरी कहाँ है, बाबूजी?"

"आ रही है, भैया. चलो."

बदली होऊन जबलपुरात आलो, तेव्हा पहिल्याच फेरीत मी नेमका त्या रुमालावर बसलो.

"अहो, उठा! काहून बसून राहिले तिथं? ती येऊन राहिली ना!"

मी घाबरून पाण्यात डोकावून पाहिलं.

ती म्हणजे नीमा, भाऊंची बायको. भाऊंची उमेदीची सगळी वर्षं टांझानियातल्या एका साखर कारखान्यात गेली. पन्नाशीत त्यांनी तिथल्याच एका शिक्षिकेशी लग्न केलं. नोकरी संपली आणि भाऊ घरी परतले. ते पडले भारताचे नागरिक, त्यांना कोण अडवणार? नीमाला मात्र नवऱ्याच्या घरी राहायलाही व्हिसा हवा, आणि तो काही मिळेना. भाऊंनी तोवर तिला मनानंच आणून घरात वसवलं होतं. भेडाघाटचं चांदणं कुठून दाखवायचं, पोह्यांत मिरच्या किती, सगळं तिला विचारून ठरायचं. तेही मोठ्यानं, एकट्यानं. भाऊंचं डोकं जरा सरकलंय, असं कॉलनीचं मत होतं.

व्हिसा अडला होता तो भाऊंच्याच कृपेनं. लग्न झाल्यावर त्यांनी तिला थाटात सांगितलं होतं, "आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही." नीमानं ते मनावर घेतलं. तिकडच्या आपल्या भारतीय वकिलातीत मुलाखतीला साहेबांनी विचारलं, नवऱ्याचं नाव काय? नीमा लाजली. पुन्हा विचारलं, तर ओढणी तोंडाशी धरून खाली बघत बसली. जिला नवऱ्याचं नाव सांगता येत नाही, तिचं लग्न खरं कशावरून, असा संशय साहेबांना आला.

"अहो, मग नाव घे म्हणून सांगा ना तिला!" मी म्हणालो.

"सांगितलं जी. नुसतं नाही घेणार म्हणते. उखाण्यात घेईन म्हणते."

उखाण्याचंही भाऊंनीच शिकवलं होतं! मग काय, फोनवर तालमी सुरू झाल्या. कॉलनीतल्या बायकांनी यमक जुळवून दिलं. दुसऱ्या मुलाखतीत नीमा ताठ उभी राहिली आणि म्हणाली,

"नर्मदेच्या पाण्यात दिवा जातो दूर,
मुकुंदरावांचं नाव घेते, व्हिसा करा मंजूर."

साहेब उत्तरेकडचे. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण 'मंजूर' कळलं. ते हसले म्हणे, आणि मग नीट बसवून सगळी चौकशी केली.

व्हिसा मिळाल्याचं कळलं, त्या संध्याकाळी भाऊ मला ओढतच घाटावर घेऊन गेले. पाण्यावरून दिवे लांब लांब चालले होते. भाऊंनी रुमाल पसरला नाही. फळीवर थाप मारून म्हणाले, "बसा."

"इथं?"

"बसा हो. आता ती खरंच येऊन राहिली. जागा धरायचं काम नाही."

नाव मधोमध आली, तसे भाऊ माझ्याकडे सरकले.

"खरं सांगू?" ते हळूच म्हणाले. "मला वाटून राहिलं होतं, नाही येणार ती."

मग त्यांनी खिशातून तो रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला.