आप्पा लंगडत नाहीत

"माणूस खोटं बोलेल, पण त्याचा गुडघा खोटं बोलायचा नाही," असं सूनबाई घरात ऊठसूट सांगायची. प्रयोगशाळेत तिने यंत्रच तसं घडवलं होतं. कॅमेऱ्यासमोरून माणूस चालला की पडद्यावर त्याच्या खांद्याकोपरांवर, कंबरगुडघ्यांवर ठिपके उमटत. ठिपक्याला ठिपका जोडून काड्यांचा बाहुला उभा राही आणि माणसाच्या पावलावर पाऊल टाकत चालू लागे. चाल ठीक तर बाहुला हिरवा. तोल जाऊन पडायचा धोका असला तर लाल.

आज इस्पितळाचे मोठे डॉक्टर ते बघायला येणार होते. त्यांना पटलं तर यंत्र वॉर्डात लागणार. नाही तर सूनबाईची सगळी मेहनत गुंडाळून कपाटात.

लाल बाहुला दाखवायला माणूस घरचाच होता, सासरे आप्पा. डावा गुडघा इतका धरलेला की बैठकीतून न्हाणीघरात जायचं तरी वाटेत खुर्ची लागे, आणि खुर्चीतून उठायला सूनबाई.

"आप्पा, फक्त नेहमीसारखं चाला," तिने बजावलं.

"तू काळजीच सोड," आप्पा म्हणाले. खरं तर काळजी तिथूनच करायला हवी होती.

डॉक्टर आले, खुर्चीत टेकले. सूनबाईने खूण केली आणि आप्पा निघाले. काय सांगावी ती चाल. मान ताठ, छाती पुढे, पाऊल असं अलगद की जणू तळ्यावरून हंस निघालाय. पडद्यावर बाहुला पोपटासारखा हिरवागार.

"यांनाच धोका आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुन्हा एकदा, आप्पा. नेहमीसारखं."

परतताना तर आप्पा शीळ घालत आले. सूनबाईने त्यांना कोपऱ्यात घेतलं.

"आप्पा, लंगडा ना जरा."

"परक्यांसमोर? म्हणतील, एवढी शिकलेली सून, पण सासऱ्याच्या गुडघ्याला तेल लावायला घरात कोणी नाही."

"अहो, मला लंगडणंच दाखवायचंय."

"मग आधी नाही का सांगायचं? मला वाटलं, मी पास झालो की तू पास."

त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. सूनबाईचा राग लोण्यासारखा वितळला.

आता आप्पांनी लंगडायचं मनावर घेतलं. पण परक्यांसमोर दुखरा पाय दाखवायला मन धजेना, म्हणून लंगडले ते धडधाकट उजव्या पायाने. वर "अगं आई गं" जोडलं. यंत्राला त्यातलं काहीच पटलं नाही. बाहुला हिरवाच.

डॉक्टर उठले. "मघाशी हंस, आता हे. शिकवून आणलंत वाटतं," म्हणत ते तरातरा दाराकडे निघाले, ते थेट कॅमेऱ्यासमोरून.

पडद्यावर बाहुला लालभडक.

"हा कोण?" डॉक्टर थबकले.

"तुम्ही," सूनबाई म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"बूट नवे आहेत." ते मागे वळून जपून चालले. जितके जपले, तितका बाहुला लालच.

"डॉक्टर, दात आवळा आणि श्वास रोखून चाला," खुर्चीत टेकलेले आप्पा आपुलकीने म्हणाले. "मी तेच केलं. पण फार दुखतं मेलं."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीत अंग टाकलं. "कंबर आहे," ते हळूच म्हणाले. "वर्ष होत आलं. सगळ्यांना बूटच सांगतो."

"दाखवलीत का कुणाला?" आप्पांनी विचारलं.

"कुणाला दाखवणार? हाडांच्या विभागाचा मोठा डॉक्टर मीच."

आप्पांनी त्यांच्या मांडीवर थोपटलं. जरा वेळाने डॉक्टर सूनबाईकडे वळले. "यंत्र लावा वॉर्डात. फक्त माझ्या खोलीबाहेर नको."

सूनबाई हसून यंत्राकडे वळली. तोवर आप्पा उठायला गेले आणि उठेचनात. डॉक्टरांनी हात दिला, तर तेच कलंडले. शेवटी याच्या खांद्यावर त्याचा हात, त्याच्या कमरेला याचा, असे दोघं डुलत दाराकडे निघाले.

पडद्यावर एकच बाहुला होता. चार पायांचा, हिरवागार.

"काय म्हणतंय?" डॉक्टरांनी मान वळवून विचारलं.

"चुकतंय हो," सूनबाई ओशाळली. "दोघांना मिळून एकच माणूस धरतंय. लगेच दुरुस्त करते."

"इतकी घाई नको," आप्पा दारातून म्हणाले. "अजून जिना उतरायचाय."