हवेला निरोप देणारे पगारे नाना

आमचे पगारे नाना मशीनचं दार वाजवायचे. मशीनला दार नसतं, हे मलाही ठाऊक आहे. पण सातपूरच्या आमच्या छोट्या कारखान्यात हवेच्या, आणि काही तेलाच्या, दाबावर चालणारे प्रेस बनायचे, आणि कुठलाही नट सैल करण्याआधी नाना सिलिंडरवर टकटक करून विचारायचे, "पाव्हणी गेली का?" पाव्हणी म्हणजे आत कोंडलेली हवा. कॉक उघडला, ती फुस्स करत बाहेर पडली, की नाना हात जोडून म्हणत, "या आता." मगच पान्याला हात. शिवाय दट्ट्याखाली लाकडी ठोकळा लावल्याशिवाय आत बोट घालायची कोणाची टाप नव्हती. फोरमन तेच, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

तेलाची नळी गळते का, हे ते कधी हाताने चाचपत नसत. दाबाचं तेल कातडी फोडून आत शिरतं, म्हणायचे, आणि खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून नळीपुढे धरायचे. नाना मिसळीच्या तर्रीलाही आधी पुठ्ठा दाखवतात, अशी आम्ही त्यांची टिंगल करायचो.

बरं, हे वेड फाटकापाशी थांबेल तर शपथ! एकदा मी त्यांना जेवायला बोलावलं. घरात नुकताच कुकर आला होता. शिट्टी झाली आणि नाना ताडकन उठले. बायको, पोरं, मी, सगळ्यांना त्यांनी अंगणात आणून उभं केलं. पाव्हणी पुरती जाईपर्यंत झाकणाला हात नाही. शेजाऱ्यांना वाटलं, घरात साप निघाला. वरण गार झालं आणि बायको तापली. नाना मात्र भुरके मारत म्हणाले की सूनबाई, वरण फक्कड झालंय.

मग एक दिवस पिंपळगावचे एक द्राक्षवाले खोक्यांची झाकणं दाबून बसवायचा प्रेस बघायला आले. त्या वर्षी कामं आटली होती. ही ऑर्डर हुकली तर शेठ कारखान्याला कुलूपच लावणार होते. आणि नेमका तेव्हाच खोका तिरका बसला नि दट्ट्या मध्येच अडला. शेठनी कॉम्प्रेसर बंद केला. नाना सवयीप्रमाणे कॉककडे निघाले, पण तुमची पूजा नंतर, असं म्हणत शेठनी सरळ आत हात घातला. नानांनी झडप घालून त्यांचं उजवं मनगट पकडलं आणि मागे ओढलं. तेही गिऱ्हाइकासमोर. शेठ लालबुंद झाले. हात सोडा, नाहीतर उद्यापासून येऊ नका, म्हणाले. नाना सोडेनात.

तेवढ्यात खोका आपोआप निसटला आणि आत कोंडलेल्या हवेनं दट्ट्या धाडकन खाली आला. खोक्याचा पापड झाला.

पहिले सावरले ते द्राक्षवाले. प्रेस घेतो, म्हणाले, पण पोरांना शिकवायला हा माणूस चार दिवस आमच्याकडं धाडा. मग काय, जो तो हसायला लागला. चहा आला. नाना अजून मनगट धरूनच उभे.

"नाना," शेठ हळूच म्हणाले, "वाचला माझा हात. आता सोडा."

"सोडतो," नाना म्हणाले. "कारभारीण गेल्यापासून कोणाचा हात असा हातात आला नव्हता, शेठ."

इतकी वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो, पण घरी गेल्यावर त्यांच्याशी कोण बोलतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

शेठनी डाव्या हाताने कप उचलला आणि तसाच चहा प्यायला.