उसवता येईल असं शिवा

सरोजाअक्का माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी शिवण. बेंगळूरच्या इंदिरानगरातलं त्यांचं खालचं घर भाड्याने मागायला आम्ही नवरा-बायको गेलो, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या कुर्त्याची कड उचलली, उलटी केली आणि चुकचुकल्या.

"अय्यो! किती घट्ट शिवलंय हे. उसवायचं कसं गं?"

मी पार गोंधळले. पुण्यातल्या आमच्या शिंप्याशी मी जन्मभर भांडले होते ते शिवण उसवते म्हणून. सुहास, म्हणजे माझा नवरा, अदबीने म्हणाला, "उसवायचं नाहीये हो." अक्कांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आज नाही बा. पुढं?"

घर मिळालं. का मिळालं, तेही मला कळलं नाही.

हे 'पुढं' म्हणजे अक्कांचं दैवत. त्या मूळच्या बेळगावच्या, लग्न होऊन बेंगळूरला आलेल्या. परदेशी कपडे पाठवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं नमुन्याचे कपडे शिवले. तिथे रोज संध्याकाळी मागच्या अंगणात कात्रणांचे ढीग पेटवत. तो धूर अक्कांच्या डोक्यात जो गेला तो कायमचा. तेव्हापासून त्यांचा नियम एकच. कपडा शिवतानाच त्याचा पुढचा जन्म ठरवून टाकायचा. शिवणीत बोटभर माया सोडायची, म्हणजे पुन्हा शिवताना कापड कमी पडत नाही. सुती कापडाला सुतीच दोरा. टेरिकॉटचं नाव काढलं तरी त्या कानावर हात ठेवत. "दोन तऱ्हेचे धागे मिसळले की दोघांचं वाटोळं. वेगळे होतात होय ते परत?"

त्यांच्या घरात कुठली वस्तू काय आहे हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. उशीच्या अभ्र्याला कॉलर होती. पडद्याला खिसा होता आणि खिशात बडीशेप. एकदा मी मोरीजवळच्या फडक्याला हात पुसले, तर अक्का वरच्या पट्टीत ओरडल्या, "ते फडकं न्हवं गं, झबलं हाय!"

"कोणाचं?"

"ते अजून ठरायचंय."

सुहासला त्यांनी एक शर्ट शिवून दिला. अक्कांची शिवण साखळीच्या टाक्याची. आत दोऱ्याचं एक शेपूट सोडलेलं असे. ते ओढलं की तांदळाच्या पोत्याचं तोंड उघडावं तशी सगळी शिवण सरसर सुटायची. हे त्यांनी सुहासला सांगितलं होतं म्हणे, पण तो तेव्हा घड्याळ बघत होता. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्याच्या ऑफिसात परदेशी पाहुण्यांपुढे बोलताना त्याला दंडापाशी एक दोरा लोंबताना दिसला. सुहास टापटिपीचा माणूस. त्याने तो ओढला. बाही सरळ मनगटावर आली. संध्याकाळी तो ती बाही ब्रीफकेसमध्ये घालून कंपनीच्या बसने घरी आला आणि तडक वर अक्कांकडे गेला.

"कापड फाटलं काय?" अक्कांनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग सरी, बरोबरच हाय! चांगलंच शिवलंय की मी!"

रागवावं की आभार मानावे हे न कळून सुहास चहा पिऊन खाली आला.

इथवर सगळी गंमत होती. मग अक्कांची नजर माझ्या आईच्या साडीवर पडली. माझं लग्न झालं त्याच वर्षी आई गेली. तिची एक हिरवी इरकल मी पुण्याहून आणली होती, घडीवर विरलेली, नेसण्याजोगी न राहिलेली. गच्चीत तिला ऊन दाखवायला घातलं, तर अक्का हजर.

"हिचं पुढं काय?"

"काही नाही. ती अशीच राहणार."

अक्का बुचकळ्यात पडल्या. कापड असंच राहतं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरेना. मला दिवस गेल्यावर तर त्यांना जोरच चढला. "बाळाला पहिलं दुपटं आजीच्या साडीचं. रीतच हाय की गं." सासूबाईंनीही पत्रातून तेच कळवलं. रीत मलाही ठाऊक होती. पण साडी कापली तर आईचं म्हणून काय उरणार, आणि नाही कापली तर बाळाला आजी कशी कळणार? मी साडी काढायची, घडी मोडायची, पुन्हा ठेवायची. शेवटी एका दुपारी मीच ती घेऊन वर गेले.

अक्कांनी साडी पलंगावर पसरली, खडूने रेघ ओढली, कात्री उचलली आणि तशाच बसून राहिल्या.

"कापा ना," मी म्हटलं.

"आमचे हे गेले तवा त्यांचे सगळे शर्ट मी उसवले," त्या म्हणाल्या. "पोरींना झगे केले, पिशव्या केल्या, वाटून टाकल्या. एक चिंधीसुदीक वाया घालवली नाही. मागं एकदा बसमध्ये एका बाईच्या हातात पिशवी दिसली बघ. निळी चौकट, त्यांच्या शर्टाची. मला उतरायचं होतं इथल्याच शिवाजीनगरला. गेले तिच्या मागं येलहंकापर्यंत, पार गावाच्या टोकाला."

"मागितलीत?"

"काय म्हणून मागू? तिनं भाजी घेतली, घरी गेली. मी परत आले." कात्री त्यांनी खाली ठेवली. "फिरतंय गं सगळं. कुठं कुठं फिरतंय. माझ्याकडं तेवढं येत नाही. कापू काय नको, मलाच कळंना झालंय."

पुढचं सगळं ठरवून ठेवणाऱ्या बाईला काय करावं ते कळत नव्हतं, आणि मला तर तिथे आल्यापासून काहीच कळत नव्हतं. अक्कांनी पलंगावरचा पदर उचलून तोंडाला लावला आणि त्या रडू लागल्या, कधी न पाहिलेल्या बाईच्या साडीत. मला त्यांची इतकी माया आली की मी त्यांना जवळ घेतलं. आईने काही म्हटलं नसतं. तिच्या पदराला शेजारपाजारच्या कितीतरी बायकांनी डोळे पुसले होते.

ऊन उतरल्यावर मी जायला निघाले. अक्कांनी साडीची घडी घालून पुढे केली. खडूची रेघ तशीच होती.

"ने की."

"राहू दे तुमच्याकडे," मी म्हटलं.

"हिचं पुढं..." त्या म्हणू लागल्या. मग साडी मांडीवर घेऊन बसून राहिल्या, आणि मी जिना उतरले.