जमिनीच्या हयातीचा दाखला

जमीन जिवंत आहे की मेलेली, हे जमिनीकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी कार्यालय लागते. ज्या देशांत असे कार्यालय नाही, तिथल्या जमिनी बिचाऱ्या शेकडो वर्षे आपण जिवंत आहोत अशा समजुतीत पडून राहतात. आमच्या अल्जीरियात, निदान ऐन द्रीन तालुक्यात तरी, हे अज्ञान दूर झाले आहे. इथे 'मृतभूमी पुनरुज्जीवन समिती' आहे. समितीला एक अध्यक्ष आहेत, एक गाडी आहे आणि एक गोल शिक्का आहे, ज्याचा कारभार गेली एकोणीस वर्षे माझ्याकडे आहे. माझे नाव बूहफ्स, हुद्दा कारकून वर्ग दोन. (वर्ग एकची खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर अध्यक्षसाहेबांचा कोट असतो.)

कायदा अगदी सोपा आहे, म्हणूनच मला तो फार आवडतो. ज्या जमिनीवर नांगराचा तास नाही, ती मेलेली. तिला जो जिवंत करील, म्हणजे नांगरील, तो तिचा मालक. मेंढ्या चरणे हे जिवंतपणाचे लक्षण धरलेले नाही, कारण मेंढ्या एका जागी थांबत नाहीत, आणि जे थांबत नाही त्याची नोंद कुठल्या रकान्यात घेणार? शीह नावाचे एक करडे, कडवट वासाचे झुडूप आमच्याकडे सगळीकडे उगवते. मेंढ्या वर्षाचे आठ महिने त्यावरच जगतात. अर्जात त्याची नोंद रकाना अकरामध्ये होते. रकान्याचे नाव 'इतर कचरा'.

नांगरल्यावर पीक आलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. पीक पावसावर अवलंबून असते आणि पाऊस आमच्या खात्यात येत नाही. दुसऱ्या खात्याच्या दिरंगाईपायी अर्जदाराला कशाला छळायचे? तेव्हा नांगरलेल्या रानाचा एक फोटो जोडला की पुरे. फोटो लागला, शिक्का पडला, की आम्ही जमिनीला हयातीचा दाखला देतो.

गेल्या एकोणीस वर्षांत आम्ही एक्केचाळीस हजार हेक्टर जमीन जिवंत केली. पैकी सहाशे हेक्टरांत एका साली जव उगवले, तेही मेंढीच्या गुडघ्याइतके. उरलेली जिवंत जमीन मार्च-एप्रिलमध्ये हवेत असते. (जिवंत असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? मेलेली जमीन जागची हालत नाही.) तिचा थोडा भाग आमचा शिपाई तय्यब रोज सकाळी माझ्या टेबलावरून फडक्याने पुसतो आणि खिडकीबाहेर झटकतो. दुपारपर्यंत तो परत आलेला असतो. मालक कधी कार्यालयात फिरकत नाहीत, पण त्यांच्या जमिनी नियमित हजेरी लावतात, हे मला नमूद केले पाहिजे.

या कार्यात झुबीरचा वाटा मोठा आहे. त्याच्याकडे एक ट्रॅक्टर आणि एक तव्यांचा नांगर आहे. गावात त्याला 'डॉक्टर' म्हणतात, कारण तो मेलेल्यांना उठवतो. किनाऱ्यावरच्या शहरातून कोणाचा तरी फोन येतो, डॉक्टर दोन दिवस नांगर फिरवतो, शीह मुळासकट उलटे करतो, फोटो काढतो आणि निघून जातो. रोगी नंतर कसा आहे, हे विचारायची पद्धत नाही.

अर्जाला दोन साक्षीदार लागतात. जमीन ओसाड होती, तिथे कोणी नव्हते, असे त्यांनी लिहून द्यायचे. पहिला साक्षीदार अर्जदाराच्या ओळखीचा चालतो. दुसरा मात्र तटस्थ हवा. कोणाच्या नात्यागोत्यातला नसलेला आणि, कलम चौदा, ती जमीन कधीही न पाहिलेला. नवख्या माणसाला हे कलम चमत्कारिक वाटते. पण विचार करा. ज्याने जमीन पाहिली, त्याला तिथली विहीर आठवते, कोणाचा तरी तंबू आठवतो, तिथे प्यायलेले ताक आठवते. अशा माणसाकडून निष्पक्ष साक्षीची अपेक्षा कशी करायची? आमच्याकडे हे काम स्वतः अध्यक्षसाहेब करत. ते किनाऱ्यावरून बदलून आलेले आहेत, आणि सात वर्षांत घर आणि कार्यालय सोडून त्यांनी तालुक्यातले काहीही पाहिलेले नव्हते. इतका पात्र माणूस मिळायला भाग्य लागते.

अर्ज क्रमांक तेवीसशे सतरा किनाऱ्यावरच्या एका चष्म्याच्या व्यापाऱ्याचा होता. त्याला 'शहामृगाची दाया' जिवंत करायची होती. दाया म्हणजे खोलगट रान; आजूबाजूचा जो काय दोन बोटे पाऊस पडतो, तो तिथे उतरतो आणि मुरतो. एकशेवीस हेक्टर. नांगराचा तास नाही, भिंत नाही, मोटार बसवलेली विहीर नाही. पूर्णपणे मेलेली. मी नियमाप्रमाणे नोटीस कार्यालयाच्या दारावर लावली, आणि दुसऱ्या दिवशी खाला मबरूका माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

खाला मबरूका माझी सख्खी मावशी नाही, पण साऱ्या तालुक्याची खाला आहे. वय सत्तरीच्या आसपास, नवरा जाऊन वीस वर्षे झालेली, मेंढ्या एकशेचाळीस. तिची सासू, सासूची सासू, सगळ्यांचे तंबू त्याच दायेत पडत आलेले.

"बूहफ्स, माझी दाया मेली म्हणे," ती म्हणाली. "कधी गेली रे? परवा सकाळी तर चांगली होती."

"खाला, कागदोपत्री ती आधीपासूनच मेलेली आहे. तुम्हाला आत्ता कळवलं, एवढंच."

"मग माझ्या मेंढ्या काय खातायत?"

मी रकाना अकरा दाखवला. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचूनही दाखवला.

"इतर कचरा," ती सावकाश म्हणाली. "आणि हा कचरा खाऊन जे कोकरू होतं, ते ईदला तुझे साहेब काय म्हणून मागवतात?"

मी विषय बदलला. "खाला, कायदा तुमच्याच बाजूने आहे. जो आधीपासून तिथे आहे त्याला पहिला मान. येत्या गुरुवारच्या आत तुम्ही स्वतः दाया नांगरा. दाया तुमची."

"नांगरलं की शीह गेलं. मग मेंढ्यांनी खायचं काय?"

"मालकी हक्क," मी म्हणालो.

"लहानपणी बरा होतास तू," ती म्हणाली. "तुझी आई आजारी होती तेव्हा तीन महिने माझ्या तंबूत होतास. त्याच दायेतल्या मेंढ्यांचं दूध पिऊन एवढं डोकं वाढलं तुझं, आणि आत भरलंस काय, तर हे?"

मला वाईट वाटले. खरोखर वाटले. (त्यासाठी रकाना नाही. मी शोधून पाहिला.)

सोमवारी तिने शेजाऱ्याचा लाकडी नांगर मागून आणला आणि गाढवाला जुंपला. पुढचे मला तिच्या सुनेने सांगितले. दहा पावले नांगर चालला. मग खाला थांबली, मागे वळली आणि उपटलेल्या झुडपांकडे बघत उभी राहिली. नंतर तिने एकेक झुडूप उचलून परत मातीत खोचले, पायाने माती दाबली, आणि सगळा राग गाढवावर काढला. या घटनेची नोंद कशी करावी याबद्दल मी वरिष्ठांना विचारले आहे. जमीन जिवंत करून लगेच पुन्हा मारल्याचे हे पहिलेच प्रकरण आहे.

बुधवारी ती परत आली आणि म्हणाली, "सगळा कायदा वाच. पहिल्यापासून." मी दीड तास वाचला. ती डोळे मिटून बसली होती, मला वाटले झोपली. चौदाव्या कलमाला तिने डोळे उघडले.

"हे परत वाच."

मी परत वाचले.

"म्हणजे ज्यानं पाहिली, त्याची सही चालत नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि सरळ अध्यक्षसाहेबांच्या खोलीत गेली. दार उघडे होते, त्यामुळे मला ऐकू आले. "साहेब, माझी दाया जाणारच आहे, तर जाऊ दे. पण जायच्या आधी एकदा माझ्या हातचं जेवून जा. एकटे येऊ नका, शोभत नाही. ड्रायव्हरला आणा, तय्यबला आणा, हा बूहफ्स येईलच. आणि त्या डॉक्टरलाही आणा, बिचारा नेहमी उपाशीपोटी नांगरत असतो."

साहेबांनी कागदावर 'स्थळपाहणी' असा शेरा मारला. समितीच्या इतिहासातली ही पहिली स्थळपाहणी.

शुक्रवारी आम्ही निघालो. चाळीस किलोमीटरचा रस्ता आमच्याच यशातून जातो. भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागले, इतकी जमीन जिवंत झालेली होती. दोनदा रस्ता चुकलो, तीनदा चाक रुतले. चौथ्यांदा रुतले तेव्हा डॉक्टर खाली उतरून धक्का मारू लागला, आणि ही जमीन आपणच उठवली होती हे त्याने स्वतःहून कबूल केले. मग उतार लागला, चाकाखालची माती घट्ट झाली, धूळ एकाएकी थांबली, आणि आम्ही दायेत होतो.

खालाने पाच मेंढ्या कापल्या होत्या. (आम्ही पाच जण होतो. ती हिशेबात कच्ची नाही, मनाने मोठी आहे.) निखाऱ्यावर भाजलेले मटण होते, तव्यावरची जाड भाकर होती, गार ताक होते, आणि सुनेने त्याच सकाळी जमिनीतून उकरून काढलेली तिर्फास, बटाट्यासारखी दिसणारी रानातली अळंबी, लोण्यात परतलेली होती. अध्यक्षसाहेबांनी बूट काढले, मग मोजेही काढले. सात वर्षांत मी त्यांचे पाय प्रथमच पाहिले. "कसला छान वास येतोय," ते म्हणाले. "इतर कचऱ्याचा," खाला म्हणाली, आणि त्यांच्या वाडग्यात आणखी ताक ओतले. साहेब तिथेच शीहाच्या सावलीत डोके ठेवून आडवे झाले. एका कोकराने त्यांच्या फायलीचा कोपरा खाल्ला. उठल्यावर त्यांनी फाईल झटकली आणि उरलेल्या जागेत स्वच्छ अक्षरात अहवाल लिहिला: 'स्थळ पाहिले. नांगराचा तास आढळला नाही. सबब जमीन मृत.' माझे साहेब तत्त्वाचे आहेत. मटण एका बाजूला, तत्त्व एका बाजूला.

सोमवारी ते तटस्थ साक्षीदार म्हणून सही करायला बसले, तेव्हा मी कलम चौदा त्यांच्यापुढे ठेवले.

"साहेब, आपण जमीन पाहिलीत."

"माझे डोळे बराच वेळ मिटलेले होते."

"आपण तीनदा ताक मागितलंत, साहेब."

साहेबांनी तय्यबकडे पाहिले. तय्यब जेवला होता. ड्रायव्हर जेवला होता. डॉक्टर तर उरलेले बांधून घेऊन गेला होता. "मग गावातून कोणाला तरी धरून आणा," साहेब ओरडले. "एवढं गाव आहे!"

पण तोवर खालाने पुढच्या शुक्रवारी खाटकांच्या गल्लीला आमंत्रण दिले होते. त्यापुढच्या शुक्रवारी शाळेला. मग मशिदीमागच्या आळीला, मग पोस्टाला, मग न्हाव्यांना आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना. या गोष्टीला आज चौदा आठवडे झाले. ऐन द्रीनची लोकसंख्या दोन हजार नऊशे. पैकी दाया पाहिलेले दोन हजार आठशे नव्याण्णव. उरलेला एकटा म्हातारा हाजी सादी, जो जन्मांध आहे. तोही जेवून आला. वास घेणे म्हणजे पाहणे होते काय, याबद्दल राजधानीहून कायदेशीर सल्ला मागवला आहे. पाहून आलेल्यांपैकी प्रत्येकाने दायेची तोंड भरून स्तुती केली. एकोणीस जणांनी शेजारची जमीन मोकळी आहे का, अशी चौकशी केली.

खालाच्या एकशेचाळीस मेंढ्यांपैकी आता सत्तर उरल्या आहेत. आज सकाळी ती येऊन बाहेरच्या बाकावर बसली आहे. मी पाणी घेऊन गेलो.

"न पाहिलेलं आणखी कोणी उरलंय का रे?" तिने विचारले. "असेल तर सांग. अजून सत्तर आहेत."

"गावात कोणी नाही, खाला."

"मग वाचली म्हणायची," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच बाकाला पाठ टेकून बसली.

माझ्या खिशात चष्मेवाल्याचे पत्र होते. ते मी तिला वाचून दाखवले नाही. त्याच्या वकिलाने लिहिले आहे की तटस्थ साक्षीदार ऐन द्रीनचाच असावा असे कलम चौदा कुठेही म्हणत नाही. देशाबाहेरचाही चालेल, जितका लांबचा तितका निष्पक्ष. असा माणूस तातडीने शोधावा, असा साहेबांचा मला लेखी हुकूम आहे. मी आठ दिवस शिक्का सापडत नसल्याचे सांगितले. (तो माझ्या दुसऱ्या खिशात आहे.) पण कारकून वर्ग दोन किती दिवस शिक्का हरवू शकतो, याला मर्यादा आहेत.

म्हणून हा सगळा मजकूर मी तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही चष्मेवाल्याचे कोणी लागत नाही, खालाचेही नाही. वाचता येते. आता फक्त एकच प्रश्न, तोही खरे उत्तर द्यायचे म्हणून. पहिल्या परिच्छेदात अल्जीरिया हा शब्द वाचलात, तेव्हा डोळ्यांपुढे काय आले होते? नजर पोचेल तिथपर्यंत वाळू, वर ऊन, फार तर एखादा उंट? (ऐन द्रीनमध्ये उंट नाही. मी कुठे लिहिलेलाही नाही.) आणि माणसे? कोणीच नव्हते ना?

इतकी स्वच्छ साक्ष आम्हाला एकोणीस वर्षांत मिळालेली नाही. सही खाली, उजव्या कोपऱ्यात. जमीन पाहायला यायची गरज नाही. आलात तर खाला जेवल्याशिवाय सोडणार नाही, आणि मग तुमचाही आम्हाला काही उपयोग राहणार नाही.