आवाज बंद, रेकॉर्डिंग चालू

"व्हीसीआर? अहो, कुठल्या काळात वावरताय?" हे एवढं एक वाक्य मी साडूंना ऐकवलं नसतं, तर आज मी माझ्याच घरात ताठ मानेने फिरलो असतो. (म्हणजे बायको कामावर गेल्यावर फिरतो तसा. पण तेही काही कमी नव्हतं.)

त्याचं असं झालं. आमची ही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादाचा ब्रेक, आणि दिवसभर "क्लच, क्लच, अहो क्लच" असा जप. अर्ध्या गावाला तिने स्टिअरिंग धरायला शिकवलंय. मलाही शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मी गाडी एका बागेच्या कुंपणात नेऊन उभी केली, त्यावर ती उतरली आणि रिक्षाने घरी आली. तेव्हापासून मी पायी जातो. तब्येतीला बरं असतं.

तर हिला एका चॅनलने मुलाखतीला बोलावलं. शूटिंग झालं, ही हवेत तरंगत घरी आली आणि मग कळलं की कार्यक्रम दाखवणार भर दुपारी, आणि तोही नेमका हिच्या विद्यार्थ्यांची लायसन्सची परीक्षा असेल त्या दिवशी. परीक्षेला ही शेजारी नसली तर निम्मे विद्यार्थी रडतात आणि उरलेले निम्मे रिव्हर्समध्ये पुढे जायला बघतात. रजा मिळणं शक्यच नव्हतं.

"म्हणजे सगळ्या जगाने मला बघायचं आणि मीच बघायचं नाही?" ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उतरला होता की मला खरंच वाईट वाटलं. टीव्हीवर यायची ही तिची पहिलीच वेळ, आणि बहुधा शेवटचीही.

तेवढ्यात साडूंचा फोन आला. साडू म्हणजे मेव्हणीचे यजमान. सासूबाई त्यांच्याकडेच राहतात, आणि त्यांच्या केबलवर हे चॅनल दिसत नाही. साडू म्हणाले, "मी आमचा व्हीसीआर तुमच्याकडे आणून लावतो. काळजीच नको."

इथे माझं डोकं फिरलं. साडूंचा व्हीसीआर माझ्या घरात येणार, साडू तो ऐटीत जोडणार आणि पुढची सगळी वर्षं सासूबाई म्हणणार, "थोरले जावई होते म्हणून हो!" मी वर दिलेलं ते वाक्य फेकलं, फोन ठेवला आणि सरळ जाऊन ट्यूनर कार्ड घेऊन आलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्यूनर कार्ड ही कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची एक पट्टी असते. तिला केबलची वायर जोडली की कॉम्प्युटरवर टीव्ही दिसतो, आणि एक लाल बटण दाबलं की दिसतंय ते रेकॉर्डही होतं. दुकानदार म्हणाला, "बसवायला माणूस पाठवू का?" मी नुसता हसलो. (ते हसू आठवलं की आता अंगावर काटा येतो.)

कार्ड मी स्वतः बसवलं. चार स्क्रू उरले, ते जास्तीचे दिले असणार. मग कॉम्प्युटरने प्रश्न विचारायला सुरुवात केली. सगळ्यांना मी धडाधड "ओके" म्हणत सुटलो. एकाच प्रश्नापाशी थबकलो. रेकॉर्डिंगचा आवाज कुठून घेऊ? पुढे चार-पाच पर्याय. त्यातल्या बहुतेकांचा अर्थ लागेना, पण एक ओळखीचा निघाला. मायक्रोफोन. मी विचार केला, टीव्हीवरची माणसं कशात बोलतात? माइकमध्येच ना? मग आवाज तिथूनच घेतला पाहिजे. इतका स्वच्छ विचार मी ऑफिसातही कधी केला नव्हता.

आता आमच्या मॉनिटरच्या डोक्यावर आमचा स्वतःचा एक माइक चिकटवलेला होता. परदेशातल्या भाच्याशी बोलायला घेतलेला. भाचा हल्ली फोनही उचलत नाही, त्यामुळे त्या माइकचं अस्तित्व मी विसरून गेलो होतो. माइक मला विसरला नव्हता.

आदल्या दिवशी मी रीतसर चाचणी घेतली. बातम्या रेकॉर्ड केल्या आणि हिला बोलावून दाखवल्या. निवेदिका विहिरीतून बोलल्यासारखी बोलत होती.

"आवाज असा का येतोय?" हिने विचारलं.

"डिजिटल आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात बातम्यांमध्ये कुकरची शिट्टी झाली.

"अगं, गॅस बंद कर."

"कुकर कधीच उतरवलाय मी," ती म्हणाली. "ही शिट्टी आतून आली."

"त्यांच्या स्टुडिओतही माणसं जेवतात," मी म्हणालो. यावर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. गाडी शिकवणाऱ्या बाईची नजर असते ती, समोरच्याचा पाय कुठे आहे हे तिला आधी कळतं. पण मी इतक्या आत्मविश्वासाने उभा होतो की तिने विश्वास ठेवला. "उद्या नीट करा हं," एवढंच म्हणाली. "मला बघायचंय हो खरंच."

दुसऱ्या दिवशी मी पोटदुखीची रजा टाकली. सासूबाई दुपारीच येते म्हणत होत्या, त्यांना मी म्हणालो, "उन्हात कशाला? संध्याकाळी सगळे मिळून निवांत बघू, जाहिराती कापून." घरात मी एकटा. पुढ्यात चहा आणि टोस्ट. कार्यक्रम सुरू झाला, मी लाल बटण दाबलं. ही पडद्यावर आली आणि खरं सांगतो, मला भरून आलं. काय सुरेख दिसत होती! मी टोस्ट बुडवायचा विसरलो आणि तसाच कोरडा खात बसलो.

आणि फोन वाजला. साडू.

"झालं का सुरू? दिसतंय का काही?" साडूंच्या आवाजात माझं वाटोळं व्हावं अशी आशा स्पष्ट ऐकू येत होती. मी स्पीकरचा आवाज पार बंद केला, म्हणजे बोलता येईल. रेकॉर्डिंग तर आतल्या आत चालू असतं, बाहेरच्या आवाजाशी त्याचा काय संबंध? हे मी साडूंनाही समजावून सांगितलं. मग विषयातून विषय निघाले. पडद्यावर ही हातवारे करून काहीबाही सांगत होती, मी पाय पसरून साडूंशी गप्पा मारत होतो. कार्यक्रम संपला तेव्हाच आमचा फोनही संपला.

संध्याकाळी सगळे जमले. सासूबाई चष्मा पुसून पहिल्या खुर्चीत, शेजारी मेव्हणी, मागे साडू हाताची घडी घालून. ही परीक्षेहून आली ती थेट बाथरूममध्ये गेली, तोंड धुतलं, केस नीट केले आणि चांगले कपडे घालून येऊन बसली. स्वतःलाच बघायला! मला हसू आलं, पण तिचे डोळे बघून ते गिळलं.

"हं, लावा," ती म्हणाली.

मी लावलं. चित्र झकास. साडूंचा चेहरा पडला. ही पडद्यावर आली, सासूबाईंनी "अगबाई" म्हणत हात जोडले, आणि खोलीत आवाज घुमला: कुरूम. कुरूम. कुरूम.

"हे काय?" मेव्हणी म्हणाली.

"कोणीतरी टोस्ट खातंय," सासूबाई म्हणाल्या.

मी धावत जाऊन वायर हलवली. टोस्ट चालूच. मागे कुठेतरी लांबून हिचा आवाज येत होता, पण टोस्टपुढे त्याचं काही चालत नव्हतं. मग फोनची घंटा वाजली. मी उचलायला गेलो. फोन शांत होता. घंटा कॉम्प्युटरमध्ये वाजत होती. त्या क्षणी मला सगळं कळलं आणि पोटात खरोखरच दुखायला लागलं.

"बोला साडू!" माझाच आवाज, खणखणीत. "हो हो, लागलंय. छे, आवाज बंद केलाय मी. अहो, कशाला ऐकायचं? घरी रोज फुकट ऐकतो, आज एक दिवस तरी बटण हातात आलंय!"

पडद्यावर ही तोंड हलवत होती आणि खोलीत मी बोलत होतो.

"दिसतेय बरी. मेकअपवाल्याने जीव ओतलाय बिचाऱ्याने. नाही नाही, इतकी गोड घरी नसते. घरी ती मला भाजी चिरताना पण ब्रेक मारते... हा हा! काय सांगता? तुमची झोपेतही बोलते?"

मेव्हणीने सावकाश मान वळवून साडूंकडे पाहिलं. साडू छताकडे बघत होते. "माझा आवाज कुठे आहे त्यात?" ते पुटपुटले. त्यांचा आवाज नव्हताच. माझा मेल्याचा मात्र सगळ्यांच्या वाटचा होता.

"सासूबाई ना? त्यांना संध्याकाळी दाखवू. त्यांना काय, मुलगी हलताना दिसली की झालं. कान काय, त्यांच्या सोयीने चालतात."

"आज चालतायत, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

मी बंद करायला हात पुढे केला. हिने माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मला बघायचंय."

आणि तिने शेवटपर्यंत बघितलं. माझ्या आवाजात, माझ्या टोमण्यांसकट, स्वतःला. मी तिच्या मागे उभा राहून जमीन दुभंगायची वाट बघत होतो. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. शेवटी शेवटी पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी काहीतरी विचारलं. ही क्षणभर थांबली, लाजली, खाली बघून हसली आणि काहीतरी बोलली. त्या बाईंनी छातीवर हात ठेवला. समोरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच वेळी मी साडूंना सांगत होतो की चॅनलच्या केबलला ओल आली की चित्राला मुंग्या येतात.

"काय बोललीस गं तेव्हा?" सासूबाईंनी विचारलं.

"आठवत नाही," ही म्हणाली. मग उठली, चहाचं आधण ठेवलं आणि आतून म्हणाली, "चित्र छान आलंय."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी चॅनलला फोन केला. पुन्हा दाखवणार नाही, प्रत मिळणार नाही, आणि आपण कोण बोलताय? मी म्हणालो, "पाहुण्यांचे मिस्टर." तिकडची मुलगी एकदम खुलली. "अय्या, तुम्हीच का ते!" म्हणाली आणि लाइन तुटली.

आता मला चैन पडेना. हिला विचारलं, तर ती म्हणे, "तुम्ही घरीच होतात ना?" केबलवाल्याला विचारलं, त्याने स्वतःच्या केबलवरचं ते चॅनल कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी मी शेजारच्या काकूंकडे गेलो. काकू दुपारी टीव्हीसमोरून हलत नाहीत. विरजण मागायच्या निमित्ताने गेलो, वाटी पुढे केली आणि सहज म्हणाल्यासारखं म्हणालो, "परवाचा हिचा कार्यक्रम कसा वाटला?"

काकूंनी वाटी खाली ठेवली आणि पदराने डोळे टिपले.

"अहो, तुमच्याबद्दल काय बोलली पोर!" त्या म्हणाल्या. "त्या बाईंनी विचारलं, दिवसभर घसा फोडून शिकवता, थकत नाही का? तर म्हणाली, रस्त्यावर माझं कोणी ऐकत नाही. पण घरी एक माणूस आहे, तो हातातलं सगळं बाजूला ठेवून माझं ऐकतो. माझा एक शब्द वाया जाऊ देत नाही."

मी वाटीकडे बघत उभा राहिलो.

"मला तर रडूच आलं," काकू म्हणाल्या. "पण हे मी तुम्हाला काय सांगतेय! तुम्ही तर ऐकलंच असेल."

"हो तर," मी म्हणालो. "शब्द न् शब्द."