डॉक्टर फेल्प्स निवांत बसतात

वॉराबिनच्या गुरांच्या तळावर घोड्याने डूगलच्या पोटात लाथ घातली, आणि तसा फोन येताच इकडे विमानाने पेशंटकडे जाणाऱ्या दवाखान्याच्या, धावपट्टीशेजारच्या खोलीत सिस्टर नोरीनने चहाचं आधण ठेवलं. चहा कोणालाच नको होता. घाई दिसू नये, एवढंच हवं होतं.

पेशंट कितपत आजारी आहे हे वैमानिकाला, म्हणजे क्लेमला, कळू द्यायचं नाही, असा तिथला नियम. त्याने फक्त आकाश बघायचं आणि जायचं की नाही ते ठरवायचं. दया आली की भला माणूसही वादळात विमान घालतो. मागच्या खेपेला, अॅडलेडहून नुकतेच आलेले डॉक्टर फेल्प्स धावत आत शिरले, तेव्हा वरिष्ठांनी त्यांना झापलं होतं. "तोंडाने काही बोलला नाहीत, पण चेहऱ्याने वैमानिकाला सगळं सांगितलंत!"

"आतून रक्त जात असेल तर..." डॉक्टर कुजबुजले.

"गप बसा. बिस्किट खा," नोरीन म्हणाली. "आणि पाय हलवू नका. क्लेमला काही विचारूही नका. विचारलं की घाई कळते."

पश्चिमेला लाल धुळीचा पडदा उठला होता. वैमानिक क्लेम तो बघून आला, विमानाभोवती फिरून आला, आणि शब्दकोडं उघडून बसला.

डॉक्टरांनी निवांतपणा दाखवायला दुसरा कप घेतला. ते पाहून क्लेमने एक बूट काढला. बूट पाहून नोरीनने मनाशी ताडलं: म्हणजे उड्डाण नाही! तरी हसरं तोंड करून तिने केक पुढे केला. केक आलेला पाहून क्लेमने पाय समोरच्या खुर्चीवर टाकले.

फोन वाजला. डूगलची बायको होती. "सिस्टर, पांढराफटक पडलाय हो तो!"

"हो का? वा, वा!" नोरीन लाडिक आवाजात म्हणाली. "निजवूनच ठेव हं. खायला-प्यायला काही देऊ नकोस."

"कोण गं?" क्लेमने विचारलं.

"मैत्रीण. तिचं... मांजर."

डॉक्टर घाम पुसत तिसरा कप ओतू लागले.

"फार चहा पिता बुवा तुम्ही," क्लेम म्हणाला.

डॉक्टरांचा बांध फुटला. "अहो, जायचंय की नाही? एकदाचं सांगून टाका!"

"मी केव्हाचा तयार आहे!" क्लेमने पेन्सिल खाली ठेवली. "धूळ दक्षिणेला सरकतेय, आपली वाट मोकळी आहे. म्हटलं, होऊ दे तुमचा चहा. एवढा निवांत डॉक्टर मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पेशंटचं फार तर नख मोडलं असेल."

तिघेही विमानाकडे पळत सुटले. क्लेम एका बुटावर.

डूगल वाचला, हे सांगून टाकलेलं बरं. सलाईन लावून घेताना त्याने कण्हत डोळे उघडले.

"कुठं उलथला होतात रे इतका वेळ?"

तिघांनी एकदम आकाशाकडे बोट दाखवलं. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं.