आलं, पाहुणे आणि विमान

पहिलं विमान गेलं तेव्हा स्थिरराव आपल्या स्टुडिओत एका गिऱ्हाइकाची हनुवटी बोटभर वर उचलत होते. स्थिरराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पासपोर्टचे फोटो काढताना ‘स्थिर... स्थिर...’ असं ते इतकी वर्षं म्हणत आले होते की गल्लीनं परस्पर त्यांचं बारसं उरकून टाकलं होतं. तावदानं थरथरली, मागचा निळा पडदा फुगला, गिऱ्हाईक स्टुलावरून थेट टेबलाखाली गेलं आणि स्थिररावांनी सवयीनं बटण दाबलं. निळ्या पडद्याचा फोटो अतिशय स्वच्छ आला.

तलावावर हवाई कसरतींचा कार्यक्रम व्हायचा होता आणि लष्कराची लढाऊ विमानं आठवडाभर त्याचा सराव करणार होती. टेकडीमागून वळायचं, पाण्याच्या उंच टाकीला बगल द्यायची आणि गल्लीतल्या छपरांवरून तलावाकडे जायचं, असा त्यांचा रस्ता होता. ती इतकी खालून जात की दोरीवरचे शर्ट त्यांच्यामागे जायला निघाल्यासारखे आडवे होत.

त्याच दिवशी दुपारी मेहुणा फोन पुढे धरूनच स्टुडिओत शिरला. त्याचं शेजारीच मोबाइलचं दुकान होतं.

“भाऊजी, बघा. पकडलं.”

स्थिररावांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. “हा डास आहे.”

“डास तर डास. तुम्हाला तेवढा तरी मिळाला का?”

“मी काम करत होतो.”

“काम कसलं, भाऊजी? तुमची गिऱ्हाइकं स्टुलावर बसतात. विमान बसत नाही.”

हे वाक्य वर्मी लागलं. गेले काही महिने मेहुण्याचा डोळा स्टुडिओच्या पुढच्या खोलीवर होता. तिथे त्याला मोबाइलची कव्हरं टांगायची होती. हल्ली फोटो कोण काढून घेतो, मागची खोली तुम्हाला पुरेल, असं तो बहिणीला जेवताना सांगे आणि बहीण म्हणजे स्थिररावांची बायको ‘बघू’ म्हणे. पण स्टुडिओतला सगळा उजेड पुढच्या खोलीच्या मोठ्या खिडकीतून येत होता. ती गेली की मागे उरणार होता अंधार, त्यात एक स्टूल आणि त्या स्टुलावर बहुतेक स्वतः स्थिरराव.

“सराव संपायच्या आत विमानाचा एक फोटो काढून दाखवतो,” स्थिरराव म्हणाले.

“पंख, शेपटी ओळखू येतील असा?”

“वैमानिकाचा मूडही ओळखू येईल.”

“काढलात, तर पुढच्या खोलीचा विषय मी जन्मात काढणार नाही. नाही काढलात, तर शेवटच्या दिवशी फळ्यांची मापं घ्यायला येतो.”

बायको म्हणाली, “चालेल.” ती दोघांनाही कंटाळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थिरराव मोठी लेन्स लावून गच्चीवर उभे राहिले. टेकडीच्या बाजूनं आवाज आला, ते आवाजाकडे वळले, बटण दाबलं. फोटोत टेकडी आली, टाकी आली, टाकीवरचा कावळासुद्धा आला. पुढच्या फेरीला ते आणखी चपळाईनं वळले. तेव्हा नुसतं आकाश आलं.

“आकाश छान निघालंय,” मेहुणा आपल्या दुकानाच्या पायरीवरून म्हणाला.

स्थिररावांची मुलगी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होती. तिनं वडिलांना स्वयंपाकघरात बसवलं आणि टेबलावरून एक चमचा सरकवला.

“बाबा, हे विमान. हे जवळजवळ आवाजाच्याच वेगानं येतं. म्हणजे आवाज तुमच्या कानाशी पोचतो तेव्हा विमान त्याच्या अगदी पाठोपाठ असतं. तुम्ही आवाज ऐकणार, मान वळवणार, कॅमेरा उचलणार. तोवर ते तलावावर.”

“मग कानाचा उपयोग काय?”

“या कामात काहीच नाही. तुम्हाला आधी कुणीतरी सांगायला हवं. टेकडीपलीकडून बघणारं.”

टेकडीपलीकडे आक्का राहत होती. आक्का म्हणजे स्थिररावांची थोरली बहीण. तिच्या गॅलरीतून विमानांचं वळण लख्ख दिसायचं, ती दिवसभर घरी असायची आणि तिला फोनवर बोलायची दांडगी हौस होती. यातली तिसरी गोष्ट आपल्या विरुद्ध जाईल हे स्थिररावांच्या लक्षात आलं नाही.

अडचण आणखी एक होती. गच्चीवर फोनला रेंज नव्हती. ती जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत यायची आणि तिथे थांबायची. म्हणून बायकोनं फोन कानाला लावून त्या वळणावर उभं राहायचं आणि आक्कानं सांगितलं की वर ओरडून कळवायचं, असं ठरलं.

पहिल्या फेरीला आक्कानं वेळेवर फोन केला.

“हं, अगं ऐक. जेवलीस का?”

“आक्का, सकाळ आहे. विमान दिसलं का?”

“सांगते ना. तुझा आवाज का गं असा? पाय दुखायचे ते थांबले का? मी काय म्हणत होते, ते विमान वळलं बघ मघाशी...”

पुढचं ऐकू आलं नाही, कारण विमान बायकोच्या डोक्यावरून चाललं होतं.

स्थिररावांनी स्वतः आक्काला फोन केला. “आक्का, एकच शब्द बोलायचा. ‘आलं’. बस.”

“नुसतं ‘आलं’? खुशालीबिशाली नाही?”

“नाही.”

“तुसडा आहेस लहानपणापासून,” आक्का म्हणाली. पण तीही त्याच घरातली होती. एकदा मनावर घेतलं की मागे हटायचं माहीत नव्हतं. तिनं गॅलरीत खुर्ची टाकली आणि दिवसभर रंगीत तालीम घेतली. कावळा दिसला, ‘आलं’. पतंग दिसला, ‘आलं’. प्रत्येक ‘आलं’ बायकोनं जिन्यातून वर ओरडून पोचवलं, कारण खरं कुठलं ते खालून कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत आक्का तरबेज झाली आणि बायकोचा घसा पार बसला.

घसा बसला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आल्याचा काढा हवा होता. आलं घरात नव्हतं. तिनं जिन्याच्या खिडकीतून समोरच्या वाण्याला हाक मारली, तीही उरल्यासुरल्या आवाजात.

“आलं आहे का हो?”

वरून कॅमेऱ्याचा खटखट आवाज आला. स्थिरराव टेकडीच्या दिशेनं धडाधड फोटो काढत सुटले होते.

“वहिनी, आलं आलं नाही अजून,” वाणी ओरडला. “आलं की आलं म्हणून सांगतो.”

वर पुन्हा खटखट. मग स्थिररावांचा आवाज आला, “कुठे आहे? दिसत नाहीये.”

“अहो, ते आलं नव्हे. खायचं आलं.”

“मग तसं सांग ना.”

“तसंच सांगतेय.”

थोड्या वेळानं वाण्याच्या दारात टेम्पो थांबला आणि वाणी शब्दाला जागला. “वहिनी, आलं,” तो म्हणाला. खटखट. “चांगलं आलंय,” तो म्हणाला. खटखट. “आलं तसंच, की किसून हवंय?” स्थिररावांनी कॅमेरा खाली घेतला, डोळे पुसले आणि या घरात आता कुणाच्याही ‘आलं’वर हलायचं नाही असा पक्का निश्चय केला.

तेवढ्यात आक्काचा फोन आला. एक शब्द, खणखणीत, अगदी शिकवल्यासारखा. बायकोनं घशाची पर्वा न करता तो वर पोचवला.

“आलं.”

“मग ठेव ओट्यावर,” स्थिरराव म्हणाले आणि लेन्स पुसायला लागले. विमान त्यांच्या टोपीला वारा घालून गेलं.

जेवताना कुणी बोललं नाही. बायको बोलूच शकत नव्हती. शेवटी मुलगी म्हणाली, “शब्द बदला. संकेताचा शब्द असा हवा, जो एरवी घरात ऐकू येत नाही.”

“मग ‘गेलं’ ठेवू,” स्थिरराव म्हणाले.

आक्कानं फोनवर साफ नकार दिला. “मी सकाळी सकाळी गॅलरीत उभी राहून ‘गेलं गेलं’ ओरडू? आमच्याकडे शेजारचे आजोबा आजारी आहेत. लोक धावत येतील.”

“मग तूच सांग.”

आक्कानं विचार केला. “‘पाहुणे’ म्हणते.”

“का?”

“तुझ्याकडे कोण येतं पाहुणे? कुणी आलं तर त्यालाही स्थिर म्हणतोस. लोक घाबरून येत नाहीत.”

शास्त्राच्या दृष्टीनं हे बरोबर होतं. मुलीनं मान डोलावली. ‘पाहुणे’ हा शब्द गेल्या कित्येक दिवसांत त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. शब्द ठरला.

आता सरावाचा एकच दिवस उरला होता. त्या सकाळी स्थिरराव दाढी करून, बुटांच्या नाड्या घट्ट बांधून गच्चीवर गेले. तोंड टेकडीकडे, पाठ जिन्याच्या दाराकडे, बोट बटणावर. पहिल्या फेऱ्या टाकीच्या पलीकडून लांबून गेल्या, त्या त्यांनी सोडून दिल्या. वाण्याला शपथ घातली होती, त्यामुळे समोरचं दुकान चिडीचूप होतं. बायको मधल्या वळणावर काढ्याचा पेला आणि फोन घेऊन उभी होती. इतकी शांतता त्या गल्लीत बऱ्याच दिवसांनी झाली असेल.

त्या शांततेत मेहुणा आला. सराव आज संपणार म्हणून त्यानं पुढच्या खोलीची मापं घेऊन ठेवली होती आणि आता भाऊजींचं काय चाललंय ते डोळ्यांनी बघायला तो वर निघाला होता. हातात मोजायची पट्टी होती, अर्धी बाहेर ओढलेली. उन्हासाठी त्यानं आपल्याच दुकानातला मोठा, फुगीर काचांचा गॉगल चढवला होता, त्याची किमतीची चिठ्ठीही काढली नव्हती.

“अजून बसलं नाही का विमान?” तो बहिणीच्या शेजारून जिना चढत म्हणाला.

तिनं ओठांवर बोट ठेवलं, कारण त्याच क्षणी फोन वाजला होता. तिनं ऐकलं, खोल श्वास घेतला आणि बसलेल्या घशातून सगळा जोर लावून ओरडली, “पाहुणे.”

स्थिररावांना संकेत पाठ होता. मेंदूला नक्की कळलंही असतं. पण मेंदूला शब्दाचा अर्थ लावायला जरा वेळ लागतो आणि अंगाला तेवढी उसंत नसते. ‘पाहुणे’ ऐकल्यावर माणूस जन्मभर जे करत आलेला असतो तेच त्यांनी केलं. ते दाराकडे वळले.

आणि दारात खरोखरच माणूस उभा होता.

मेहुण्यानं ते पाहिलं, जे स्थिररावांना दिसत नव्हतं. त्यांच्या मागून, टाकीच्या कडेनं, अजून आवाज न करता, एक अख्खं लढाऊ विमान सरळ त्याच्या तोंडावर येत होतं. त्यानं एका हातानं दाराची चौकट धरली, दुसऱ्या हातानं पट्टीसकट स्वतःचं डोकं धरलं, एक पाय पोटाशी घेतला आणि तोंड उघडलं ते उघडंच ठेवलं.

समोर चेहरा आला की स्थिररावांच्या बोटाला सांगावं लागत नसे. बोटानं बटण दाबलं. मग आवाज कोसळला, दोरीवरचे शर्ट आडवे झाले, काढ्याचा पेला जिन्यावरून खाली गेला आणि आकाश मोकळं झालं. ती शेवटची फेरी होती.

“मग, भाऊजी,” मेहुणा पाय खाली ठेवत म्हणाला. त्याचा आवाज अजून जागेवर आला नव्हता. “मिळालं?”

स्थिरराव कॅमेरा घेऊन खाली गेले.

स्टुडिओतल्या संगणकावर फोटो उघडला तेव्हा पडदाभर मेहुणा होता. मुलीनं तोंडावर हात घेतला. बायको घसा बसलेला असताना हसता येतं का ते करून बघत होती. मेहुणाही हसला, कारण त्याला परवडत होतं.

“फोटो झकास. पण विमान कुठाय यात? भाऊजी, फळ्या उद्या येतील.”

तो गेल्यावरही स्थिरराव उठले नाहीत. ते फोटो मोठा करत राहिले. पासपोर्टच्या फोटोत चष्म्यावर चकाकी असली तर फोटो परत येतो, म्हणून इतकी वर्षं ते प्रत्येक चेहऱ्यात सर्वांत आधी काच तपासत आले होते. त्यांनी काच तपासली. चकाकी होती. आणखी मोठा केला. चकाकीला पंख होते.

“अगं, इकडे ये,” त्यांनी मुलीला हाक मारली.

मुलगी पडद्याला नाक टेकेपर्यंत वाकली. “फुगीर काच आहे ना बाबा. अशा काचेत लांबच्या वस्तूची लहान प्रतिमा काचेच्या लगेच मागे उमटते. चेहरा स्पष्ट आला, तेवढंच तेही स्पष्ट आलंय.” मग तिनं दुसरी काच मोठी करून पाहिली. “दोन्ही काचांत आहे.”

पंख होते. शेपटी होती. नाकाखालचं हवा आत घ्यायचं तोंडही होतं, आणि ते मेहुण्याच्या तोंडाइतकंच उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या घेऊन मेहुणा आला तेव्हा पुढच्या खोलीच्या मोठ्या खिडकीपाशी गर्दी होती. खिडकीत दारभर उंचीचा तो फोटो लावला होता आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘विमान’.

“यात विमान नाही,” मेहुणा गर्दीला म्हणाला.

“आहे की,” वाणी म्हणाला. “गॉगलात बघा. असे जवळ या.”

“कुठाय, कुठाय,” म्हणत मागचे लोकही पुढे सरकले. दोन बायका चौकटीवरची त्याची बोटं निरखत होत्या. एक म्हातारे गृहस्थ उचललेल्या पायाबद्दल काहीतरी म्हणाले आणि सगळ्यांनी पाय पाहिला. मेहुण्याच्या ध्यानात आलं की तो जितका वेळ ‘नाही’ म्हणेल तितका वेळ लोक खात्री करून घ्यायला येतच राहतील.

तो आत गेला. स्थिरराव स्टुलावर एका बाईंना बसवत होते आणि बाकावर आणखी गिऱ्हाइकं खोळंबली होती.

“आहे,” मेहुणा खालच्या आवाजात म्हणाला. “विमान आहे. पंख आहेत, शेपटी आहे. खोलीचा विषय संपला. आता तो फोटो काढा, भाऊजी.”

स्थिररावांनी कॅमेऱ्यावरचा डोळा हलवला नाही.

“काढलाय की,” ते म्हणाले.